'कारण' आणि 'म्हणून' : देवाच्या प्रेमाविषयी वाचकांचे प्रश्न

देवाच्या बिनशर्त प्रेमाविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, त्यांतला गाभा तेवढा ठेवला आहे. नावे कोणाचीच छापलेली नाहीत. वचनांचे संदर्भ दिले आहेत ते स्वतः उघडून पाहावेत, आणि नुसते ते वचन न वाचता आगेमागचा भागही वाचावा. या विषयात बहुतेक घोळ सुट्या वचनांनीच होतो.

प्रश्न : अगापे म्हणजे देवाचे बिनशर्त प्रेम, फिलिया म्हणजे मित्रांचे, एरोस म्हणजे स्त्रीपुरुषांचे, असे उपदेशात नेहमी ऐकतो. पण 'बिनशर्त' हा शब्द पवित्र शास्त्रात शोधूनही सापडला नाही. तो नेमका कुठे आहे?

कुठेच नाही. तुमच्या शोधण्यात काही चूक झालेली नाही.

'अगापे' या एका ग्रीक शब्दावर एवढा मोठा सिद्धांत उभा करू नये, त्याला तो भार पेलत नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाने तामारेवर बळजबरी केल्याचा प्रसंग पाहा (२ शमुवेल १३:१५). तिथे अम्नोनाच्या वासनेलाही हाच शब्द वापरला आहे. पौलाचा सहकारी देमास त्याला सोडून गेला तो या जगावर प्रीती जडल्यामुळे. तिथेही क्रियापद हेच (२ तीमथ्य ४:१०). उलट, पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान एकदा 'अगापाओ' या क्रियापदाने सांगतो (३:३५) आणि एकदा 'फिलेओ' या क्रियापदाने (५:२०). एरोस हा शब्द तर नव्या करारात एकदाही आलेला नाही. वेगवेगळ्या प्रेमांचा तो तक्ता फळ्यावर छान दिसतो, पण मजकुराशी ताडून पाहिला की टिकत नाही.

बिनशर्तपणा शब्दात नसून देव कसा वागला त्यात आहे. तीन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवून वाचा. अनुवाद ७:७-८ मध्ये इस्राएलाला सांगितले आहे की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडले नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्याची तुमच्यावर प्रीती आहे म्हणून, आणि पूर्वजांना दिलेली शपथ पाळायची म्हणून. प्रेम का केले असे विचारले तर उत्तरात पुन्हा प्रेमच येते. दुसरे ठिकाण होशेय ३. व्यभिचारात गेलेल्या स्त्रीवर पुन्हा प्रेम कर, अशी संदेष्ट्याला आज्ञा होते. ती गोमर, त्याची स्वतःची बायकोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो तिला १५ शेकेल चांदी आणि दीड होमर जव देऊन सोडवतो. रोख कमी आणि बाकीचे धान्यात, हा तपशील वाचताना डोळ्यांपुढे घरातले होते नव्हते ते गोळा करणारा माणूस उभा राहतो. तिच्या पश्चात्तापाचा त्या वचनात उल्लेख नाही. तिसरे ठिकाण रोमकरांस पत्र ५:६-१०. ख्रिस्त मेला तेव्हा आपण कोण होतो, हे पौल पायरीपायरीने सांगतो: दुर्बळ, अभक्त, पापी आणि शेवटी शत्रू. प्रीतीचे प्रमाण म्हणून तो नेमका तो क्षण निवडतो जेव्हा आपल्या बाजूला दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

हिब्रूतला 'हेसेद' हा शब्दही लक्षात ठेवा. दिलेला शब्द न सोडणारी माया, असा त्याचा रोख आहे. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद २६ वेळा येते. तिथे 'दया' आहे ती हीच.

प्रश्न : 'माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल' (योहान १५:१०). ही अट नाही तर काय आहे? मग बिनशर्त कसे म्हणायचे?

'तर' आहे, म्हणजे अट आहेच. ती लपवू नये. प्रश्न एवढाच की ती कशाची अट आहे.

एक वचन मागे जा. 'जशी पित्याने माझ्यावर प्रीती केली तशी मीही तुमच्यावर केली' हे आधी येते, आणि ते झालेल्या गोष्टीसारखे सांगितले आहे. मग येते 'माझ्या प्रीतीत राहा'. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत 'राहणे' हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये दहा वेळा येते. प्रीती मिळवा, असे एकदाही नाही. येशू इथे स्वतःला वेल आणि शिष्यांना फांद्या म्हणतो. फांदीत रस येतो तो वेलातून येतो. फळ धरले म्हणून बक्षीस मिळत नाही. पण फांदी वेलाला धरून राहिली नाही तर वाळते, आणि वाळलेल्या फांदीचे काय होते हेही त्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे.

हेच लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत घटनांच्या क्रमात दिसते. वाटणी घेऊन दूरदेशी सगळे उधळून परत येणारा धाकटा मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो, त्याला कळवळा येतो, तो धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. एवढे सगळे होईपर्यंत मुलाने तोंड उघडलेले नाही. मग तो पाठ करून आणलेले बोलू लागतो. डुकरांजवळ बसून त्याने तीन वाक्ये ठरवली होती: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवा (१८-१९). बापापुढे तो पहिली दोन म्हणतो (२१). तिसरे बहुतेक हस्तलिखितांत नाहीच. बाप मध्येच चाकरांना हाक मारतो. गळलेले वाक्य कोणते ते पाहा. सौद्याचे वाक्य तेवढे होते. पाप कबूल करू दिले, भाव ठरवू दिला नाही.

पण मुलाला घरापर्यंत चालत यावे लागले, हेही खरे. तो आला नसता तर बापाचे प्रेम आटले नसते, मात्र झगा, अंगठी आणि जोडे दूरदेशी पोचले नसते.

रोजच्या वापरासाठी मराठी व्याकरणाचाच आधार घ्या. 'देव माझ्यावर प्रेम करतो, कारण...' हे वाक्य लिहा आणि पुढची जागा भरा. तिथे तुमची प्रार्थना, सेवा, दशांश, चारित्र्य, यांतले काहीही आले तर वाक्य चुकले. आता 'देव माझ्यावर प्रेम करतो, म्हणून मी...' असे लिहा. वर खोडलेले सगळे इथे बसते. १ योहान ४:१९ ची रचना अशीच आहे: त्याने पहिल्याने प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. 'म्हणून'ची जागा रिकामीच ठेवणाऱ्यांना पौलाने रोमकरांस ६:१-२ मध्ये उत्तर दिले आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? कदापि नाही. आणि 'म्हणून'चा मजकूर 'कारण'च्या जागी नेणाऱ्यांना तो गलतीकरांस पत्रात याहून जास्त रागावला आहे.

प्रश्न : आमच्या घरात कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत. 'तुम्ही कृत्यांनी प्रेम कमावता' आणि 'तुमच्याकडे कसेही वागलेले चालते', हा वाद जेवताना हमखास निघतो. खरे कोणाचे?

दोन्ही वाक्ये समोरच्याच्या शिकवणुकीचे व्यंगचित्र आहेत. कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयीचा जो ठराव केला, त्याच्या आठव्या प्रकरणात म्हटले आहे की त्याआधीचे काहीही, विश्वास असो वा कृत्ये, ती कृपा कमावत नाही. ही कॅथॉलिक शिकवण आहे. दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथरनेही सत्कृत्ये टाकून दिली नाहीत. त्याचे म्हणणे, चांगल्या कृत्यांनी माणूस चांगला होत नाही, चांगला झालेला माणूस चांगली कृत्ये करतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी तयार करतो, असे त्यात दोघांनी एकत्र म्हटले आहे. मेथडिस्ट मंडळ्या २००६ मध्ये त्यात सामील झाल्या. पुण्य या शब्दाचा अर्थ, शोधनस्थान (मरणानंतरची शुद्धीची अवस्था), संस्कारांची संख्या, असे मतभेद उरलेच आहेत. वाद घालायचा तर त्यांवर घाला.

प्रश्न : 'देव पापाचा द्वेष करतो, पाप्यावर प्रेम करतो' हे कोणत्या वचनात आहे?

वचनात नाही. प्राचीन चर्चचा धर्मशिक्षक ऑगस्टीन याच्या एका पत्रात, जोगिणींच्या मठातल्या शिस्तीविषयी लिहिताना, 'माणसांविषयी प्रेम आणि दोषांविषयी द्वेष' अशा अर्थाचे शब्द आहेत. पुढे त्याची म्हण झाली. स्तोत्र ५:५ तर अधर्म करणाऱ्यांचाच देव द्वेष करतो असे म्हणते. ते वचन ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडचे आहे. देवाला अन्यायाचे काहीच वाटत नाही असे मानले तर त्याच्या प्रेमाला तरी काय किंमत उरते? रोमकरांस ५ मध्ये क्रोध आणि प्रीती एकाच परिच्छेदात आहेत (८-९). म्हण म्हणून वापरायला हरकत नाही, पण दुसऱ्याला हिणवताना वापरू नका. ऐकणाऱ्याला तिचा दुसरा अर्धा भाग ऐकूच येत नाही.

प्रश्न : एकाच पापाची कबुली चार वर्षे देतो आहे. सांगितल्यावर थोडा वेळ हलके वाटते, मग वाटते की नीट सांगितले नाही, पश्चात्ताप मनापासून नव्हता. प्रार्थनेत लक्ष हलले की पहिल्यापासून सुरू करतो. देवाचे प्रेम बिनशर्त आहे हे पाठ आहे, फक्त माझ्यापुरते खरे वाटत नाही.

तुम्ही लिहिलेली लक्षणे फार जुनी आहेत आणि त्यांना नाव आहे. लॅटिनमध्ये 'स्क्रूप्युलस' म्हणजे बारीक टोकदार खडा. चपलेत शिरतो, दिसत नाही, आणि एक पाऊल सुखाने टाकू देत नाही. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे असताना त्यांना हेच झाले होते. सांगितलेली पापे पुन्हा पुन्हा सांगत, जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत मजल गेली. शेवटी त्यांनी ठरवले की मागच्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, आणि ते त्यातून सुटले. मठात असताना लूथरही कबुलीला तासन्‌तास घेत असे.

खरा पश्चात्ताप आणि हा खडा यांत फरक करता येतो. खऱ्या पश्चात्तापाला ठरावीक वस्तू असते: अमुक खोटे बोललो, अमुक पैसे बुडवले. त्यातून काहीतरी करण्याजोगे निघते, ते केले की तो शांत होतो. खड्याला वस्तू नसते. तो 'नीट सांगितले का', 'पुरेसे वाईट वाटले का', असे कबुलीवरच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांना तळ नाही.

१ योहान १:९ नीट वाचा. आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून क्षमा करील. पदरी घेणे म्हणजे 'हे माझे आहे' असे म्हणणे, एवढेच. क्षमेचा आधार म्हणून जी दोन विशेषणे दिली आहेत ती दोन्ही देवाची आहेत. तुमच्या दुःखाची खोली त्यात मोजलेली नाही.

आता करायचे काय ते. एकच धर्मगुरू किंवा पाळक धरा. त्यांना पहिल्याच भेटीत हा त्रास आहे असे सांगा आणि कबुलीसाठी ठरावीक अंतर मागून घ्या, समजा महिन्यातून एकदा. मध्ये दुसऱ्या कोणाकडे जायचे नाही. एकदा सांगितलेले पाप पुन्हा उच्चारायचे नाही. ते राहून गेल्यासारखे वाटले तरीही नाही. प्रार्थना एकदाच म्हणायची. लक्ष हलले तर हलले, पुढचा शब्द घ्यायचा, मागे फिरायचे नाही. पुन्हा कबुली द्यावी अशी ओढ आली की तिच्याशी वाद घालू नका. घड्याळ लावून १५ मिनिटे थांबा, पुढच्या वेळी अर्धा तास. बेचैनी आधी चढते आणि मग काहीही न करता उतरते, हे स्वतः अनुभवणे हाच यावरचा उपाय आहे. कबुलीने लगेच उतारा पडतो म्हणून तर ती सवय घट्ट होते: सुटका कबुलीमुळे झाली असे मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी जास्त मागतो. 'काही काळजी करू नकोस, देवाने क्षमा केली' असे दिवसातून दहादा वदवून घेणेही कबुलीचाच प्रकार आहे. घरच्यांना तसे सांगून ठेवा.

चार वर्षे चाललेल्या त्रासाला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे योग्यच. याला ओसीडीचे, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचे, धार्मिक रूप म्हणतात. त्यावर औषधे आहेत आणि सामोरे जाऊन प्रतिक्रिया रोखण्याची उपचारपद्धती आहे. त्या पद्धतीत तुमच्याकडून पाप करवून घेतले जात नाही. अनिश्चितता सोसायला शिकवले जाते. पाळक आणि डॉक्टर यांचे एकमेकांशी बोलणे करून देता आले तर उत्तम. जीव द्यावासा वाटत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या.

इतर वाचकांसाठी एक पुस्ती. इग्नेशियस यांनी पुढे दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या: उपकारस्मरण, पाप ओळखण्यासाठी कृपा मागणे, तासातासाने दिवसाकडे पाहणे, क्षमा मागणे, सुधारणेचा निश्चय. १५ मिनिटांत होते. पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारणे ही यातली नेहमीची चूक. मग ते परीक्षण न राहता खटला होतो. वरील पत्रलेखकांनी मात्र सध्या पहिल्या पायरीवरच पाच मिनिटे थांबावे, बाकीच्या चार मार्गदर्शकाशिवाय करू नयेत.

प्रश्न : नवरा मारतो. दर वेळी नंतर रडून माफी मागतो. देव बिनशर्त क्षमा करतो तशी तूही कर आणि घरी जा, असे मंडळीतले वडीलधारे सांगतात. मी नाही म्हटले तर माझा विश्वास खोटा ठरतो का?

नाही, ताई. आणि सुरक्षित राहणे हे पाप नाही.

क्षमा, समेट आणि पुन्हा विश्वास टाकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे सूड उगवण्याचा हक्क सोडणे. ती दूर राहूनही करता येते आणि तिला वेळ लागतो. समेटाला दोन माणसे लागतात. विश्वास तर समोरच्याने कमवायचा असतो. देवाचे प्रेम बिनशर्त आहे म्हणून तुमच्या घराचे दारही बिनशर्त उघडे हवे, असे शास्त्र कुठे म्हणत नाही.

१ शमुवेल २६ उघडा. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता. रात्री तो झोपलेला असताना दावीद त्याच्या उशाचा भाला आणि पाण्याचा चंबू उचलतो, पण त्याला मारत नाही. नंतर शौल म्हणतो, मी पाप केले, दावीदा, माझ्या मुला, परत ये, आता तुला इजा करणार नाही (२१). दावीद काय करतो? भाला द्यायला तो स्वतः पुढे होत नाही, 'तुमच्यातला एक तरुण येऊन घेऊन जाऊ द्या' म्हणतो (२२). अध्यायाचे शेवटचे वाक्य असे की दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. त्याने सूड घेतला नाही, आणि तो घरीही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी. नासरेथकरांनी येशूला कड्यावरून लोटायला नेले तेव्हा तोही त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०).

रडणे हा पश्चात्तापाचा पुरावा धरू नका. जकातदार जक्कयाचे उदाहरण घ्या (लूक १९). येशू आधी त्याच्या घरी गेला, तिथे अट नव्हती. त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देऊ केली. 'म्हणून' असे दिसते. तुमच्या बाबतीत ते असे दिसेल: तो वेगळा राहायला तयार होतो, 'तू चिडवलेस म्हणून' हे बोलणे थांबवतो, उपचार घेतो, कायद्याचे परिणाम स्वीकारतो, आणि क्षमेची घाई करत नाही. हे महिनोन्‌महिने टिकले तर बोलणी. 'देवाने क्षमा केली, तू का करत नाहीस' हे वाक्य त्याच्या तोंडून आले तर काहीही बदललेले नाही असे समजा.

आता व्यवहाराचे. एका खात्रीच्या व्यक्तीला सगळे सांगा. ओळखपत्रे, बँकेची आणि मुलांची कागदपत्रे, औषधे, थोडी रोकड आणि जादा किल्ली घराबाहेर ठेवा. दोन-तीन फोन नंबर तोंडपाठ करा, फोन हिसकावून घेतला जाऊ शकतो. जखमा डॉक्टरांना दाखवा आणि नोंद करून घ्या. घर सोडण्याची वेळ सगळ्यांत धोक्याची असते, म्हणून बेत त्याला आधी सांगू नका, आणि शक्यतो महिलांसाठीच्या मदत केंद्राशी बोलून ठरवा. धोका समोर असेल तर पोलीस, प्रार्थनासभा नंतर. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करणे टाळावे. तुम्ही तिथे खरे बोलू शकणार नाही, आणि बोललात तर घरी त्याची किंमत द्यावी लागेल.

त्या वडीलधाऱ्यांसाठी: मत्तय १८:१५-१७ मध्ये न ऐकणाऱ्या भावाला आधी एकट्याने, मग साक्षीदारांसमक्ष, मग मंडळीपुढे आणण्याचा क्रम आहे. मंडळीने बोलावून घ्यायचे ते त्याला.

प्रश्न : बहीण दीर्घ आजारी आहे. 'देवाचे प्रेम' ऐकले की आता राग येतो. प्रार्थना करतो, काहीच जाणवत नाही.

योहान ११ वाचा, हळू. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूला निरोप पाठवतात: आपण ज्याच्यावर प्रेम करता तो आजारी आहे. पाचव्या वचनात येशूचे मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर प्रेम होते असे आहे. सहावे वचन मूळ ग्रीकमध्ये 'म्हणून' या अर्थाच्या अव्ययाने पाचव्याला जोडलेले आहे: तो आजारी आहे हे ऐकून येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. हा 'म्हणून' बोचतो, आणि योहानाने तो तसाच ठेवला आहे. येशू पोचतो तेव्हा लाजर कबरेत पडून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया वेगवेगळ्या येऊन जवळपास एकच वाक्य म्हणतात, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. या वाक्याबद्दल तो दोघींपैकी कोणालाही दटावत नाही. मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो.

राग घेऊनच प्रार्थना करा. स्तोत्र १३ हा त्याचा सहा वचनांचा नमुना आहे: दोन वचने तक्रार ('कोठवर?' हा प्रश्न चार वेळा), दोन वचने मागणी, दोन वचने भरवसा. याच घडणीत स्वतःच्या शब्दांत सहा ओळी लिहा. शेवटच्या दोन सुचल्या नाहीत तर चारच लिहा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते आणि तरीही ते स्तोत्रच आहे. बहिणीला 'विश्वास कमी पडतोय' असे कोणी म्हणत असेल तर त्यांना योहान ९:३ दाखवा, आणि भेटीची वेळ कमी करा. झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवड्यांहून जास्त गेला असेल तर तुम्ही स्वतः डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : संडे स्कूलमध्ये आठ ते अकरा वयाच्या मुलांना हे कसे शिकवावे?

आधी काय करू नये ते. 'असे केलेस तर देव तुझ्यावर रुसेल' हे वाक्य वर्गातून कायमचे काढा. मुलांना गप्प बसवायला देवाचा वापर झाला की पुढे वीस वर्षे कितीही उपदेश ऐकले तरी पहिले वाक्यच आठवते. पाठांतराला चांदण्या द्यायच्या तर द्या, पण त्याच दिवशी हा पाठ घेऊ नका. 'देव बापासारखा आहे' एवढ्यावरच थांबू नका. वर्गात एखाद्याचा बाप मारणारा असू शकतो. तान्ह्या मुलाला विसरू न शकणारी आई (यशया ४९:१५) आणि दहा नाण्यांतले एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई (लूक १५:८) हाताशी ठेवा.

पाठ अर्ध्या तासाचा. पहिली पाच मिनिटे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, 'मोठी माणसे माझ्यावर कधी खूश होतात'. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, खिशात ठेवायच्या. पुढची दहा मिनिटे लूक १५:११-२४. विसाव्या वचनानंतर थांबून विचारा, घराकडे परतल्यापासून आतापर्यंत मुलगा बापाशी काय बोलला? मुले मागे जाऊन शोधतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. ते त्यांनी स्वतःच शोधू द्या. झगा, अंगठी, जोडे खरे आणा आणि एका मुलाला घाला. नंतरची दहा मिनिटे २५-३२. हा भाग बहुतेक वर्गांत गाळला जातो आणि मग गोष्ट अर्धीच राहते, कारण येशूने ती कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री यांना सांगितली होती. मोठा भाऊ झालेल्या मुलाला खरोखर दाराबाहेर उभे करा. 'इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो' हे त्याचे वाक्य त्याला मोठ्याने म्हणू द्या. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे दाखवा.

शेवटच्या पाच मिनिटांत 'म्हणून आपण चांगले वागावे' असे जोडण्याचा मोह होईल, तो आवरा. मोठा भाऊ आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. मुलांना विचारा तो गेला असेल का, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला उत्तर सर्वांत शेवटी देऊ द्या.